वारा गाळायची जाळी

साहेब, तुम्ही माझ्या कागदावर धडधडीत खोटं लिहिलंत. 'उंचीची भीती वाटते. उमेदवारीस अयोग्य.' खाली तुमची ती लांब शेपटीची सही. नव्वद दिवसांनी शेरा द्यायचा हक्क प्रशिक्षण अधिकारी म्हणून तुमचाच, ते मान्य. शेरा चांगला तर पवनचक्क्यांवर तीन वर्षं उमेदवारी, वाईट तर हेल्मेट जमा करून घरचा रस्ता. पण ही भीती आणलीत कुठून? माझ्याकडे तर नव्हती. स्वतःची उसनी दिलीत का?

खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि तळावरच्या चौदाही माणसांना ठाऊक आहे. कागदावर तेवढं नाही. म्हणून आता मीच लिहिते.

पहिल्या दिवशी सकाळी ग्रीसकाकांनी मला हाक मारली. काका आमचे सगळ्यात जुने फिटर. बेअरिंगला वंगण घालण्यात जन्म गेलेला, त्यामुळे हात मिळवायला जावं तर त्यांचा हात निसटतो. तोंड असं गंभीर की जणू घरात कुणी गेलंय. म्हणाले, "पोरी, आज वाऱ्यात कचरा फार आहे. स्टोअरमधून वारा गाळायची जाळी घेऊन ये." मागे दोघं फिटर एकच नट पुन्हा पुन्हा आवळत होते.

ही इथली जुनी रीत. नव्या माणसाला नसलेली वस्तू आणायला पाठवायचं. तो स्टोअरच्या खिडकीशी जातो, स्टोअर सांभाळणाऱ्या ताई चेहऱ्यावरची रेघ न हलवता 'कुठल्या मापाची?' म्हणून विचारतात, आणि मग बिचारा आठवडाभर सगळ्यांच्या चहाबरोबर चघळला जातो.

पण माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या पहिल्या दिवशी त्यांना 'गोल कोपऱ्यांचा डबा' आणायला पाठवलं होतं. ते तीन दुकानं फिरले. चौथ्या दुकानदाराला दया आली. आई ही गोष्ट अजून जेवताना सांगते आणि बाबा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. तेव्हा काकांचं नाटक मला पहिल्या वाक्यातच कळलं. मी ताकास तूर लागू दिली नाही. 'आणते काका' म्हणाले आणि गेले.

ताईंनी माप विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी शेवटचं हत्यार काढलं: मागणीची चिठ्ठी लागेल, तीही साहेबांच्या सहीची. इथे सगळे परत फिरतात म्हणे. मी चिठ्ठी भरली. 'वारा गाळायची जाळी, बारीक विणीची, नग दोन. कारण: वाऱ्यात कचरा.' आणि तुमच्या टेबलावर हातमोज्यांची चिठ्ठी आणि पुसायच्या चिंध्यांची चिठ्ठी यांच्या मधोमध सरकवली.

मला वाटलं, तुम्ही हसाल. नाहीतर बोलावून झापाल. तुम्ही लाल पेन घेतलंत, 'दोन' खोडून 'एक' केलंत आणि बाजूला लिहिलंत, 'काटकसर करा.'

न वाचता सही केली असती तर मीही मनावर घेतलं नसतं, कामाच्या रगाड्यात होतं. पण तुम्ही वाचलंत, साहेब. वाचून विचारही केलात.

ताई म्हणाल्या, सही झाली म्हणजे माल मागवणं आलं, नियम तुमचाच आहे. तिसऱ्या दिवशी पुरवठादाराचा फोन आला. तुम्ही तो स्पीकरवर घेतलात, समोर आम्ही सहा जण. तो बिचारा विचारत होता, कसली जाळी हवी आहे नक्की? तुम्ही म्हणालात, "नेहमीचीच द्या."

तुमच्यासमोर कुणी हसलं नाही. एकेक जण काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर गेला. ट्रान्सफॉर्मरच्या मागून जो आवाज येत होता तो ट्रान्सफॉर्मरचा नव्हता.

आठवड्याने जाळीची गुंडाळी आली. ही बसवायची कुठे, असं तुम्ही काकांना विचारलंत. "वाऱ्याच्या तोंडाला, साहेब." त्यानंतर तुम्ही चिठ्ठी मागवलीत आणि अक्षर कुणाचं ते पाहिलंत.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी शब्द बोलला नाहीत. माझं बरंच झालं, शिकायला वेळ मिळाला. टॉर्कचा पाना अंगाचं वजन टाकून कसा ओढायचा, पातं थांबवून कुलूप लावल्याशिवाय आत हात का घालायचा नाही, हे काकांनी शिकवलं. जायबंदी माणूस वरून उतरवायचा सरावही झाला. त्या सत्तर किलोच्या पुतळ्याला सगळे जावईबापू म्हणतात, कारण स्वतः हलायचं नाही आणि बाकीच्यांनी झेलायचं. जावईबापूंना मी दोरावरून अकरा मिनिटांत खाली आणलं, डोकं कुठेही न आपटता. काका म्हणाले, खऱ्या जावयाला इतकं जपू नकोस.

नव्वद दिवसांत मी एक्केचाळीस वेळा वर गेले. काकांच्या वहीत तारखा आहेत. तुम्ही त्यातल्या सहा वेळा हजर होतात, खाली, गाडीत, काच वर करून. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर तरी चढावं लागतं.

घरी कागद दाखवला. बाबांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "ते मला हसले, पण मी त्यांच्यातलाच होतो. तू साहेबाला चारचौघांत एकटं पाडलंस. माफी माग." मला पटलं. म्हणून काल तुमच्या दारात उभी राहिले. अर्धं वाक्य झालं असेल, तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "कागद वर गेला."

तर टवाळी मी केली, हे लिहून देते. तिची शिक्षा द्या. वर्षभर ग्रीसचे डबे घासायला लावा, आगाऊ म्हणा, कागदावर 'उद्धट' लिहा, मी खाली स्वतः सही करते. पण उद्धट लिहायचं तर जाळीची गोष्ट वरच्यांना सांगावी लागेल, म्हणून भित्री लिहिलंत ना? भित्रीला कुठलीच पवनचक्की दारात उभी करणार नाही, साहेब. इथलीही नाही, दुसरीकडचीही नाही.

उद्या सकाळी आठला सात नंबरच्या पवनचक्कीच्या पायथ्याशी मी पट्टा बांधून उभी असेन. काका असतील, ताई असतील, आणि माझं हे पत्र तोवर तुमच्या वरच्यांच्या टेबलावर असेल. वरपर्यंत शिडीला दोनशे अडुसष्ट पायऱ्या आहेत. गाडीतून उतरा, मान वर करा आणि बोट दाखवा.

मी कितव्या पायरीवर घाबरले?