बदकं दाराशी अडली

सन दोन हजार एक. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा हिशेब आणि पत्रव्यवहार बघत होते. ऑफिसात आम्ही मोजकी माणसं. आमचा मेल सर्व्हर म्हणजे पाण्याच्या पिंपाशेजारी टेबलाखाली ठेवलेलं एक घुमणारं खोकं. त्याच्या उबेला मी पावसाळ्यात ओली छत्री वाळत घालत असे.

त्या वर्षी आमच्याकडे व्हायरस शिरला. कोणी काय उघडलं, कळलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आमच्या पत्त्यावरून प्रत्येक गिऱ्हाइकाला आपोआप मेल गेलं आणि त्यांचीही यंत्रं आजारी पडली. मालक फोनवर माफी मागून मागून घसा बसवून बसले. मग त्यांनी तारवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ पूर्वी टेलिफोन दुरुस्त करायचा, पुढे संगणक शिकला, पण नाव तेच चिकटलं.

"चाळणी लावतो," तो टेबलाखालून म्हणाला. "मेलला जोडून आलेल्या फाइलीचं नाव सर्व्हर बघेल. कागद असेल, फोटो असेल, तर आत. चालणारा प्रोग्रॅम असेल तर दारातूनच परत. आणि पाठवणाऱ्याला एक निरोप जाईल. काय लिहू?"

मालक रागाने लाल झालेलेच होते. "लिहा. 'तुमची वस्तू धोकादायक आहे. असल्या वस्तूंना या दारात थारा नाही. पुन्हा पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत.'"

"जरा मऊ लिहा ना," मी म्हटलं. "कोणाचंही मेल असू शकतं."

"मऊ लागलं की लोक कोपराने खणतात, बाई. आणि खाली माझं नाव घाला. भितो की काय कोणाला!"

झालं. चाळणी बसली, गिऱ्हाइकं शांत झाली. पण पहिल्याच सोमवारी मालकांचा चेहरा उतरला.

आता सोमवारचं सांगायला हवं. मालकांची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहायची. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात कोणी काय करायला हवं होतं, यावरून दोघांचं वाजलं आणि कित्येक वर्षं बोलणं बंद. पण ऑफिसात मेल आलं, तसं दर सोमवारी ताईंकडून काहीतरी यायला लागलं. अक्षर एक नाही, नुसती जोडलेली फाइल. ती दाबली की पडद्यावर मांजर ढोल वाजवी, नाहीतर बदकांची रांग इकडून तिकडे जाई. मालक दार लोटून घेत. आम्हाला बाहेर बदकं ऐकू येत आणि मागून मालकांचं दाबलेलं हसू. उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही.

आणि बदकं म्हणजे चालणारा प्रोग्रॅमच की. हे मालकांच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

दुसऱ्या सोमवारीही काही नाही. "बाई, आज टपाल कमी आहे का हो?" त्यांनी उगीचच विचारलं. थोड्या वेळाने, "वयस्कर माणसं अचानक आजारी पडतात, नाही?"

"फोन करून बघा ना."

"कोणाला? मी आपलं सहज म्हटलं."

तिसऱ्या सोमवारी ताई स्वतः आल्या. मालकांचंच नाक, खांद्याला पिशवी, हातात छापून आणलेला कागद.

"कुठाय तो?"

आवाज ऐकून मालक बाहेर आले.

"मी धोकादायक?" ताईंनी कागद त्यांच्या पुढ्यात धरला. "इतकी वर्षं गप्प होतास, ते सोसलं. तोंड उघडलंस ते हे बोलायला?"

मालकांनी आपलीच वाक्यं वाचली. "ताई, हे तुला नाही गं. व्हायरसला लिहिलंय."

"खाली नाव तुझं आहे. व्हायरसला कोणी सही करून पत्र लिहितं का, शहाण्या?"

तारवाला नेमका टेबलाखाली होता. तो रांगत बाहेर आला. "ताई, चूक त्यांची नाही. बदकांच्या पोटात काय दडलंय, ते बदकांनासुद्धा ठाऊक नसतं. म्हणून सरसकट अडवलीत."

"म्हणजे आधीची पोचली होती?"

मालकांच्या आधी मीच तोंड घातलं. "पोचली. दर सोमवारी बघतात. हसतात. बाहेर सगळं ऐकू येतं."

ताई खुर्चीत बसल्या. "मला वाटायचं, न उघडताच फेकून देत असशील."

"मांजराचं अजून ठेवलंय," मालक पुटपुटले.

मी चहा ठेवायला गेले. परत आले तर दोघं वडिलांबद्दल बोलत होते आणि ताई डोळे पुसत होत्या. निघताना म्हणाल्या, "माझ्यापुरती चाळणी काढ."

मालकांनी तारवाल्याकडे पाहिलं. तो मान हलवून नाही म्हणाला.

"नाही जमणार, ताई. तू लिही. लिहिलेलं सगळं आत येतं."

"मी लिहायला बसले तर तुझं खोकं फुटेल."

जाता जाता त्यांनी तो निरोप बदलून घेतला: "आपली वस्तू आत घेता आली नाही. राग मानू नये. चार ओळी मात्र जरूर लिहाव्यात." तो शेवटपर्यंत तसाच राहिला. अनोळखी माणसंही कधी कधी खरंच चार ओळी लिहीत.

तारवाला पुढे मोठ्या हॉस्पिटलच्या यंत्रांवर नेमला गेला. आता निवृत्त होऊन बाग करतो. व्हायरस कुठून आला होता, हे त्याला शोधून सापडलं होतं. "सोमवारी आला होता," एवढंच तो मला म्हणाला, आणि आम्ही दोघांनी ते पोटात ठेवलं. ते खोकं भंगारात गेलं. मालकांनी कंपनी मुलीच्या हाती दिली आणि ताईंच्या शेजारीच घर घेतलं. रोज भांडायचे, रोज एकत्र जेवायचे. ताई पिकल्या पानासारख्या शांतपणे गेल्या, तेव्हा भाऊ उशाशी होता.

मी लेकाकडे असते, बरी आहे. दर सोमवारी मालकांचं मेल येतं, लांबलचक. जोडलेलं काही नसतं.