ऐनाची डहाळी

झरी गावात कुणी नुसता रामराम केला तरी सुदामला वाटे, याचं काहीतरी काम असणार. शेजारच्या शेताच्या पांड्यावर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. बांधावरून दोघांत सहा वर्षं अबोला होता.

यंदा माळावर गवत कापून झालं आणि सुदामचा पाय मोडला. तो डहाणूला दवाखान्यात, बायको हिरी उशाशी. महिन्याने काठी टेकत परतला तो थेट माळावर गेला, कारण दोन बैलांचा उन्हाळा त्या गवतावर होता. गवत चोरीला गेलं असणार याची त्याला खात्रीच होती. पण गवत होतं. नीट रचलेलं, वर ऐनाची डहाळी खोचलेली.

डहाळी पाहून तो पेटला. गवत असो की सरपण, त्यावर पाला खोचला की ते कुणाचं तरी झालं, मग दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

"पांड्यानं रचलं म्हणतात," हिरी म्हणाली. "आपल्यासाठीच रचलं असल."

"आपल्यासाठी? फुकट कोण मरतो? आधी बांध, आता गवत!"

त्याने डहाळी उपटून फेकली आणि उद्या गाडी आणू म्हणत घरी गेला. रागाच्या भरात स्वतःची डहाळी खोचायची राहिली.

दुसऱ्या दिवशी माळ मोकळा. बिनखुणेचं गवत, आला त्याने भारा नेला. भांडणार कुणाशी?

संध्याकाळी अंगणात पांड्याची गाडी उभी राहिली. त्याने स्वतःचं अर्धं गवत आणलं होतं.

"डहाळी कशाला काढलीस? तुझ्याच नावानं खोचलेली."

"तुला काय पायजे?" सुदामने विचारलं.

"काय नाय."

"मंग कशाला केलंस? कोणी सांगितलं?"

पांड्या जरा गोंधळला. "पाऊस येत होता," म्हणाला, आणि गवत उतरवू लागला.

सुदाम वाट पाहत राहिला. आज ना उद्या हा बांधाचं काढणारच. पौष उलटला, पांड्याने काही काढलं नाही. सुदामला त्याचाच राग येऊ लागला.

एका दुपारी माळावर त्याला पांड्याच्या सरपणाचा ढीग दिसला. वरची डहाळी वाऱ्याने उडाली होती. सुदामने चारही दिशांना पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने ऐनाची डहाळी मोडली, ढिगात खोल खोचली आणि लंगडत घाईघाईने उतरू लागला. पांड्याने पाहिलं तर त्याला वाटायचं, याला नक्की काहीतरी पाहिजे.