कात्री ओळखणारा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नाही आणि घड्याळाचाही नाही. मला कोपराच्या थोडं खाली, हातावर बांधतात. माझ्या आतल्या अंगाला धातूच्या आठ चकत्या आहेत. तुम्ही बोट जरी हलवलंत, तरी हातातल्या स्नायूंत अगदी बारीक वीज खेळते. तुम्हाला ती कळत नाही, मला कळते. मी ती संगणकाला कळवतो आणि पडद्यावरचा बाण हलतो. कशाला हात लावावा लागत नाही.

एका प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला बनवलं. सुरुवातीला विद्यार्थी मला बांधून पडद्यावर गाड्या पळवायचे. मूठ वळली की गाडी पळायची, बोटं पसरली की थांबायची. सगळे माझी वाहवा करत. हाताचं सगळं आपल्याला समजलं, असं मला वाटू लागलं होतं.

मग ताई मला एका शिंप्याच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथले मास्तर माळ्यावरून पडले होते. मानेला मार बसला आणि दोन्ही हात लुळे झाले. जीभ मात्र कात्रीसारखी चालायची. दुकान आता त्यांची लेक सांभाळत होती, आणि तिचं काम एका कोटावर अडलं होतं.

तो कोट एका ग्रंथपालांचा होता. त्यांचा उजवा खांदा जन्मापासून खाली. मास्तरांनी बेतलेला कोट घातला, की ते कुणाच्या लक्षातही येत नसे. आठवड्यावर त्यांचा निरोप समारंभ आला होता. मास्तर लेकीला सांगत, इथं जरा आत घे, मग हलकासा गोल दे. पण ‘जरा’ म्हणजे किती, हे त्यांच्या हातालाच ठाऊक. दोनदा कापड वाया गेलं. आता त्या रंगाचा एकच तुकडा उरला होता.

ताईंचा बेत असा, की मास्तरांनी माझ्या मदतीनं खांद्याची रेघ पडद्यावर काढावी. त्यांनी मला बांधलं आणि मास्तरांना मनात मूठ वळायला सांगितलं. मी कान देऊन बसलो. काही नाही. पुन्हा सांगितलं. तरी काही नाही.

"मूठ कशाला वळू?" मास्तर वैतागले. "जन्मात कुणाशी मारामारी केली नाही मी."

दोन दुपारी अशाच गेल्या. ताईंनी माझ्या चकत्या पुसल्या, मला वर सरकवलं, खाली सरकवलं. शेवटी लेक म्हणाली, राहू द्या, अंदाजानंच कापते. तिनं आधी सरावाला एक जुनं कापड पसरलं, खडूनं रेघ ओढली आणि कात्री लावली.

त्याच क्षणी माझ्या तीन चकत्या थरारल्या. पडद्यावरचा बाण टुणकन उडाला. हात तर जागचा हलला नव्हता! ताईंनी लेकीला थांबवलं आणि मास्तरांना विचारलं, आत्ता काय केलंत?

"मी काही नाही केलं," मास्तर म्हणाले. "ती चुकीचं कापत होती, म्हणून मी बरोबर कापलं."

ताई कपाळाला हात लावून हसल्या. मग मूठ आणि बोटं त्यांनी बाजूला ठेवली आणि मला नवे धडे दिले. मास्तरांच्या मनातली कात्री मिटली की रेघ सुरू, उघडली की बंद. खडू ओढला की बाण त्या बाजूला. बाण थरथरायचा, मास्तर त्याला शिव्या घालायचे. पण तिसऱ्या दिवशी खांद्याची रेघ पुरी झाली. लेकीनं ती मोठ्या कागदावर छापून घेतली आणि त्याबरहुकूम शेवटचा तुकडा कापला.

ग्रंथपालांनी कोट घालून आरशात आधी उजवा, मग डावा खांदा पाहिला; दोन्ही एका रेषेत होते. मग त्यांनी विचारलं, कुणी बेतला? लेक म्हणाली, बाबांनी. मास्तर खुर्चीतून म्हणाले, "गळपट्टी तिची आहे. बरी जमलीय."

आता मास्तरांच्या हातावर नवा, पातळ पट्टा असतो. माझी बॅटरी थकली. मी खडू आणि टेपच्या शेजारी खणात पडून असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरून झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसत जा, घाम धातूला खातो. आणि एखादा निश्चल हात दिसला, तर त्याला मूठ वळायला सांगू नका. आधी विचारा, तुम्ही काय काम करत होता? मी ते विचारलं नव्हतं. माझ्या त्या दोन दुपारी फुकट गेल्या.