कट्ट्यावरच्या घागरी

माझं रेडिओ केंद्र पिठाच्या गिरणीपाशी संपतं. गिरणीच्या अलीकडे मी आणि पलीकडे हुबळीचं मोठं स्टेशन, साबणाच्या आणि सोन्याच्या जाहिरातींसकट. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. दर रविवारी घरी टेप लावून ठेवतो आणि खिशातला छोटा रेडिओ कानाशी धरून स्वतः चालून बघतो. तीन गल्ल्या, एक मारुतीचं देऊळ आणि ती गिरणी, एवढंच माझं राज्य. वरच्या भाडेकरूंनी गच्चीत ओल्या साड्या वाळत घातल्या की गिरणीसुद्धा हातची जाते.

मी प्रभंजन. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. रोज इथून, रायापूरहून, बसनं जायचं आणि बसनंच यायचं. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, नाहीतर देवळाच्या विश्वस्तांशी भांडतात. मला नातवंडं नाहीत आणि विश्वस्तांशी भांडून झालं होतं. म्हणून जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र स्वतःच जुळवलं, गच्चीत वेळूला तांब्याची नळी बांधली आणि बोलायला लागलो. सरकारदरबारी हे चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा आवाज पकडायचा तर सरकारला आमच्या तिसऱ्या गल्लीत येऊन उभं राहावं लागेल, आणि तिथला रस्ता बघता ते काही येत नाही.

रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच. आधी पितळी वाटीवर चमच्यानं तीन ठोके. मग, “शेजार रेडिओ. प्रभंजन बोलतोय.” तिथी-वार, अमरगोळच्या बाजारात कांद्याची आवक कशी आहे, कोणाकडे बारसं, कोण वारलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून काढायचं आणि तेच वाचायचं. पान उलटताना कागद वाजतो. माझी बायको, उत्तरा, स्वयंपाकघरात रेडिओ लावून ऐकायची आणि तिथूनच ओरडायची, “अहो, कागद हळू!” ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. कागद अजून वाजतो. आता कोणी ओरडत नाही.

माझा एक काळ होता म्हणायला हरकत नाही. तेव्हा आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि कधी येईल ते नळालाच माहीत. पण पाणी सोडणारा लक्ष्मण माझ्या ओळखीचा. तो सायकलवरूनच हाक द्यायचा, “सर, नाळे मुंजाने आरक्क नीर बिडतीनरी!” म्हणजे उद्या सकाळी सहाला पाणी सोडतो. मी पाचच्या कार्यक्रमात ते सांगायचो आणि तीनही गल्ल्यांत घागरी घासल्याचा आवाज उठायचा. पन्नास घरं ऐकायची. लोक कांद्याची आवक, तिथी, बारसं सगळं मुकाट्यानं सहन करायचे, कारण पाण्याची बातमी मी मुद्दाम शेवटी ठेवायचो.

मग चोवीस तास पाणी आलं. मीही पेढे वाटले. आठ दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण कशाचे पेढे वाटले.

हळूहळू सगळे गेले. कोणी भांडून नाही गेलं, तेही परवडलं असतं. देवळात भेटले की विचारायचे, “सर, चालू आहे ना तुमचं?” ज्याला हे विचारावं लागतं तो ऐकत नाही, एवढं मला कळतं. लक्ष्मणही रिटायर होऊन आपल्या गावी गेला. तरी दीड वर्ष मी रेटलं. रोज तीन ठोके, रोज अर्धा तास. खोलीत मी, डब्यावरचा लाल दिवा आणि भिंत. बोलून झालं की घसा सुकलेला असायचा आणि पाणी विचारायलाही कोणी नसायचं. फार एकटं वाटायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

श्रावणातल्या एका गुरुवारी ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. एक जरी ऐकणारा असला तर चालू ठेवायचं, नसला तर रविवारी वेळू खाली उतरवायचा. पण कळणार कसं? दारोदार जाऊन विचारलं असतं तर लोकांनी भिडेखातर हो म्हटलं असतं. खरं काय ते कळायला एकच रस्ता मला सुचला, आणि शिक्षकाला तो सुचायला नको होता.

त्या दिवशी कॅलेंडर हातात घेतलंच नाही. माइककडे बघून सरळ बोललो, “महत्त्वाची सूचना. वाल्व बदलायचं काम असल्यानं उद्या सकाळपासून दोन दिवस नळाला पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा.”

बंद केलं, चपला घातल्या आणि निघालो.

पहिल्या गल्लीत एक जण नळी लावून मोटार धूत होता. दुसऱ्या गल्लीत कुंड्यांना पाणी घालणं चाललं होतं आणि ते गटारापर्यंत वाहत होतं. कोणाच्या दारात बादली नाही, कुठे भांड्याचा आवाज नाही. संपलं, असं मनाशी म्हणालो. तरी परीक्षा घेतली आहे तर शेवटचा पेपरही तपासावा म्हणून तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो आणि तिथल्या कडुलिंबाखाली थबकलो.

अंबूताईंच्या कट्ट्यावर घागरी मांडलेल्या होत्या. पितळी, ओळीनं, तोंडावर ताटल्या झाकलेल्या.

अंबूताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणजे शहात्तरच्या. त्यांचे यजमान वकील होते. ते गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. मुलगी वेदश्री पुण्याला. आमचं बोलणं म्हणजे देवळात नमस्कार, एवढंच. त्या अंगणातल्या नळाशी घागर भरत होत्या, कमरेवर घेत होत्या, दोन पायऱ्या चढून कट्ट्यावर ठेवत होत्या. मध्येच भिंतीला हात टेकून उभ्या राहत होत्या.

मी पुढे व्हायला हवं होतं. ‘अंबूताई, ठेवा ती घागर, पाणी कुठे जात नाही,’ एवढं म्हणायचं होतं. पण मी तिथेच उभा राहून मोजत होतो. पाच. सहा. सात. प्रत्येक घागरीला माझ्या छातीत काहीतरी भरून येत होतं. ऐकतंय कोणीतरी! दीड वर्ष ऐकतंय! आठव्या घागरीला त्या वळल्या, तसा मी तोंड लपवून घरी पळालो. त्या संध्याकाळी मी शिरा केला. उत्तरा गेल्यापासून पहिल्यांदा.

सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. आठवी घागर घेऊन चढताना ओल्या पायरीवरून अंबूताईंचा पाय सरकला होता. उजवं मनगट मोडलं होतं.

वेदश्री त्याच दिवशी आली. मी भेटायला गेलो, तेव्हा अंबूताई प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून झोपल्या होत्या. वेदश्री मला दारातच म्हणाली, “काका, आई म्हणते रेडिओवर सांगितलं पाणी जाणार म्हणून. पण पाणी गेलंच नाही की.”

“काम पुढे ढकललं असेल,” मी म्हणालो.

एक खोटं पचलं नव्हतं, त्यावर हे दुसरं. पस्तीस वर्षं मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. वेदश्रीनं मान हलवली आणि सांगितलं, “आता मी हिला इथे एकटीला ठेवणार नाही. चार दिवसांनी पुण्याला घेऊन जाते.”

त्या चार दिवसांत मी केंद्र लावलं नाही. वेळू मात्र उतरवला नाही. एक ऐकणारा मिळाला होता आणि मीच त्याचा हात मोडून त्याला गावाबाहेर काढत होतो. जेवण जाईना. दुसऱ्या कोणी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण कोणाला माहीतच नव्हतं.

जायच्या दिवशी दुपारी गेलो. वेदश्री आत सामान बांधत होती. अंबूताई कट्ट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. मी बसलोही नाही, उभ्यानंच सांगून टाकलं.

“अंबूताई, वाल्वचं काम वगैरे काही नव्हतं. मी खोटं सांगितलं. कोण ऐकतं ते बघायचं होतं मला. आणि तुम्ही घागरी चढवत होता, तेव्हा मी त्या झाडाखाली उभा होतो. थांबवलं नाही तुम्हाला.”

त्यांनी डाव्या हातानं पायरी दाखवली. मग म्हणाल्या, “बसा की हो आधी.”

मी पायरीवर बसलो. त्याच पायरीवर.

“खोटं आहे ते मला तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “लक्ष्मण गावी गेला. तुम्हाला वाल्वची बातमी सांगणार कोण? आणि रोज तुमचा कागद वाजतो. त्या दिवशी वाजला नाही.”

मी विचारलं, “मग भरलंत कशाला?”

“आत मोठं पिंप आहे, भरलेलं. पाणी साठवायचंच असतं तर घागरी बाहेर कट्ट्यावर कशाला मांडल्या असत्या मी? तुम्ही बघायला येणार हे ठाऊक होतं. कोणाच्याच दारात काही दिसलं नसतं, तर बंद केलं असतंत की तुम्ही.” त्यांनी डाव्या हातानं पदर सारखा केला. “मग पाच वाजता मी काय करायचं होतं?”

मी मान खाली घातली आणि रडलो. अडुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, लोकांच्या कट्ट्यावर.

“इरली बिडरी,” त्या म्हणाल्या. असू द्या हो, सोडा. “आठवी घागर माझ्या हावरेपणाची. सातसुद्धा पुरल्या असत्या.”

रिक्षा आली. वेदश्रीनं पिशव्या ठेवल्या. शेवटच्या पिशवीतून रेडिओ डोकावत होता, जुना, एरियलला दोरा बांधलेला.

“अंबूताई, पुण्याला माझं केंद्र लागणार नाही,” मी म्हणालो. “ते गिरणीच्या पुढेसुद्धा जात नाही.”

“माहीत आहे. पण काटा मी हलवणार नाही. पाच वाजता लावून बसेन. नुसती खरखर आली तरी तुम्ही बोलताय एवढं मला ठाऊक असेल.” मग हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाल्या, “बोलताय ना?”

रिक्षा गिरणीवरून वळली, तोवर मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून काढलं. तिथी, वार, अमरगोळला कांद्याची आवक. पाच वाजता वाटीवर तीन ठोके दिले. तीनही गल्ल्यांत ऐकणारं कोणी नाही, हे आता मला नक्की माहीत होतं. तरी पान उलटताना कागद माइकजवळ नेऊन चांगला वाजवला. शेवटी, नेहमीच्या जागी, पाण्याची बातमी वाचली.

“आज नळाला पाणी आहे. उद्याही आहे. भरून ठेवायची गरज नाही.”