परातीची पाठ

सोलापूरबाहेरच्या माळावर टीव्हीचं सहक्षेपण केंद्र उभं राहिलं ते अठ्ठ्याहत्तर साली. पुण्याकडून येणारा कार्यक्रम मनोऱ्यावरच्या लोखंडी तबकडीनं झेलायचा आणि सोलापूरभर वाटायचा, एवढंच त्याचं काम. तबकडीला लोक परात म्हणत. परातीचं तोंड पुण्याकडं होतं आणि सगळं बिघडलं ते तिथंच.

कारण तोंड पुण्याकडं म्हणजे पाठ अक्कलकोटाकडं, आणि केंद्रप्रमुख सिद्रामप्पांची सासुरवाडी नेमकी त्या अंगाला. परात आमच्याकडं तिरकी बघते अशी वैराग गावच्या लोकांचीही तक्रार होती, पण वैरागकरांनी सिद्रामप्पांना मुलगी दिली नव्हती. गंगम्मांनी दिली होती. लग्नात व्याह्यांनी विडा देताना तोंड फिरवलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. आता जावयाच्या सरकारनंही पाठ दाखवली. पंचमीला माहेरी आलेल्या रत्नम्माला त्यांनी ठेवूनच घेतलं आणि निरोप धाडला, परात वळली की लेक येईल.

सिद्रामप्पा जाऊन आले. त्यांनी सासूला लहरी, दिशा, विज्ञान सगळं समजावलं. गंगम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि लेकीला आत पाठवलं.

स्वतःच्या हातचं पिठलं महिनाभर खाल्लेला माणूस काहीही करू शकतो. सिद्रामप्पा पाना घेऊन मनोऱ्यावर चढले आणि परात अक्कलकोटाकडं फिरवली. सोलापूरचं चित्र गेलं. वरिष्ठांना त्यांनी तांत्रिक कारण कळवलं, कारण सासूसाठी सरकारनं रकाना ठेवला नव्हता.

खात्री करून घ्यायला गंगम्मा स्वतः आल्या. जावयानं त्यांना नवी पेठेत संगप्पांच्या कापडदुकानात नेलं, कारण तिथं टीव्ही होता. पडद्यावर पांढरे ठिपके आणि खरखर. समोर पंधरा-वीस माणसं तेच बघत बसली होती. फुकट होतं.

गंगम्मांनी विचारलं, हे काय म्हणायचं?

"तोंड तुमच्याकडं केलंय ना, मामी," सिद्रामप्पा वैतागून म्हणाले. "तुमचंच गाव आहे."

मामी पुढं सरकल्या, डोळे बारीक करून बघू लागल्या.

"व्हय की. धूळ लई उडतीया." जरा वेळानं म्हणाल्या, "ती आमची म्हस न्हवं?"

म्हैस देखणी आहे, असं संगप्पा म्हणाले. मागच्या एकानं ती दूध किती देते ते विचारलं. गंगम्मांनी कौतुकानं सांगितलं आणि सांगता सांगता गप्प झाल्या. पडद्याकडं बघितलं, मग त्या माणसांकडं. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"ह्या वक्ताला आमची सून अंगणात न्हाती," त्या हळूच जावयाला म्हणाल्या. "आन् ही समदी हितं बसून आमचं अंगण बघत्यात? फिरवा ते तोंड. पुण्याचं बघा म्हनावं काय बघायचं ते."

संध्याकाळी परात पुण्याकडं वळली आणि सोलापुरात बातम्या लागल्या. बातम्या देणाऱ्या बाईकडं बघून गंगम्मा हळहळल्या, की एवढी माणसं बघत्यात हे बिचारीला कुणी सांगितलं तरी हाय का.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं रत्नम्मा आली. मनोऱ्याखालच्या क्वार्टरच्या दारात सिद्रामप्पा हसत उभे होते. तिनं ट्रंक खाली ठेवली, त्यांच्या बाहीला धरून त्यांना परातीच्या पाठीमागं नेलं, मान वर करून परातीचं तोंड पलीकडं असल्याची नीट खात्री केली.

"आता बोला," ती म्हणाली, "लई वाळलाय की."