लग्न नसलेली लग्नाची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. लग्नाची कॅसेट. माझ्या पाठीवरच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईतली अक्षरं अजून वाचता येतात: ‘चि. सौ. कां. सुवर्णा हिचा शुभविवाह, मखमलाबाद, वैशाख १९९४’. पण आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात लग्न नाही. हार घातलेले नाहीत, सप्तपदी नाही, अक्षता पडतानाचं दृश्य नाही. चौदा वर्षं मला याचीच लाज वाटत होती.

तुमच्यातल्या काहींनी माझ्यासारखी कॅसेट पाहिलीही नसेल. काळ्या प्लॅस्टिकची, विटेपेक्षा थोडी लहान पेटी. आत दोन चाकं, आणि चाकांवर गुंडाळलेली लांबच लांब चकचकीत फीत. कॅमेऱ्यात घातलं की समोरचं सगळं त्या फितीवर उतरायचं. मला नाशिकच्या मेन रोडवरून गोटीराममामांनी विकत आणलं. कोरी असताना मी फार स्वप्नाळू होते. आता माझ्यावर एक नवरी उतरणार, मग मी जन्मभर कुणाच्या तरी कपाटात नवरीच राहणार, असं मला वाटायचं.

गोटीराम म्हणजे सुवर्णाचे सख्खे मामा. मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. भाचीच्या लग्नाचं शूटिंग आपणच करायचं, असा त्यांनी हट्टच धरला होता. देवळाली कॅम्पातल्या ओळखीच्या एका सुभेदारांकडून त्यांनी कॅमेरा मागून आणला. खांद्यावर घ्यायचा, चांगला जड. सुभेदार गडबडीत होते. “बटण एकच आहे, गोटीराम. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आतल्या लाल दिव्याकडे लक्ष ठेव,” एवढं सांगून ते निघून गेले.

मामांनी लक्ष ठेवलं, मित्रांनो. अगदी मन लावून ठेवलं. पण वीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस तो. लाल दिसला की गाडी थांबलीच पाहिजे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कॅमेऱ्यात लाल दिवा लागला की ते समजायचे, यंत्र थांबलं. दिवा विझला की समजायचे, आता चाललं. खरं होतं नेमकं उलटं. दिवा लागला की मी जागी व्हायचे आणि विझला की झोपी जायचे.

म्हणून हळदीच्या दिवशी बायका जात्याभोवती बसून पदर सावरत कॅमेऱ्याकडे पाहत होत्या, तेव्हा मी झोपले होते. मग मामांनी ‘बंद’ केलं, कॅमेरा जात्याशेजारी ठेवला आणि चहाला बसले. तेव्हा मला जाग आली. मला दिसला जात्याचा दगड, पिवळी झालेली बोटं आणि जोडव्यांचे पाय. कॅमेरा बंद आहे म्हणून बायका मोकळ्या झाल्या होत्या.

“आता म्हण गं चतुरा,” कुणीतरी म्हणालं. “मघाशी काय पुतळ्यासारखी बसलीस!”

“त्या डब्याकडं बघून माझा आवाजच निघंना बाई,” चतुराबाई, म्हणजे सुवर्णाची आई, हसली. मग तिनं घरघरत्या जात्यावर ओवी धरली:

लेक सासरी निघाली, गाडी दारातून सुटली
बाप सांगतो लोकांना, कड पाटाची फुटली

डोळ्यांतलं पाणी बाप पाटाच्या, मळ्याला पाणी देणाऱ्या चारीच्या, नावावर खपवतो. शेवटच्या शब्दावर तिचा आवाज चिरला. जातं मात्र थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. अंतरपाट दूर झाला, तेव्हा मी झोपेत. मामा कॅमेऱ्याची मूठ धरून पंगतीतून चालले, तेव्हा मी जागी. गुडघ्याइतक्या उंचीवरून मी जग पाहिलं: धोतराचे सोगे, भिजलेली पावलं, पत्रावळीशेजारी झोपलेलं एक मूल, नवरदेवाच्या मागे लपून जोडा चोरणाऱ्या पोरी.

आणि मग पाठवणीची वेळ आली. सुवर्णा जीपच्या दांडीला धरून उभी होती. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं होतं, पण तिचे वडील, फकिरा, कुठंच दिसत नव्हते. फकिरा फुलांचे मळेकरी. गुलाब, निशिगंध, झेंडू. पंचक्रोशीतल्या लग्नांचे हार त्यांच्या मळ्यातून जायचे. सुवर्णा त्यांना आप्पा म्हणायची.

“मामा, आप्पांना बोलवा ना. त्यांच्याशिवाय मी नाही बसणार,” ती म्हणाली.

“त्याला फुलांपुढं दुसरं दिसतंय काय?” मागून एका आत्याने टोमणा मारला. “उद्याच्या बाजाराच्या पाट्या भरत असंल.”

मामांनी घाईने बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी जागी झाले.

मांडवामागे फुलांची पडवी होती. फकिरा तिथे पाठमोरे बसून ओल्या गोणपाटाखालच्या फुलांवर पाणी शिंपडत होते. मामांनी मला कॅमेऱ्यासकट एका पालथ्या पाटीवर ठेवलं.

“दाजी, चला की. पोरगी गाडीशी खोळंबलीय.”

“तू जा.”

“अहो, लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मरू दे. मी समोर आलो अन् ती रडली, तर मी तिला जीपमधून उतरवून घेईन, गोटीराम. भर मांडवातून परत घरात नेईन. मग काय करशील तू?”

मामा तिथेच खाली बसले.

“अन् हे कुणापुढं बोलायचं नाय. तिच्यापुढं तर नायच नाय. सासरी तिचा पाय ठरायचा नाय. तुला तिच्या गळ्याची शपथ.”

“नाय बोलणार, दाजी.”

मामा डोळे पुसत जीपकडे पळाले आणि कॅमेरा तिथेच राहिला. दूर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. फकिरांचा हात तांब्यातच थांबला. आवाज मळ्याच्या वळणापर्यंत गेला, मग विरला. तेव्हा तो दांडगा माणूस जात्यावरच्या बाईसारखा, अगदी हळू, गुणगुणायला लागला. बाप सांगतो लोकांना, कड पाटाची फुटली. ओवी पुरती म्हणून झाली नाही. त्यांनी तोंडावर गोणपाटाचं टोक दाबून धरलं. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

तिसऱ्या दिवशी सुवर्णा मांडव परतायला माहेरी आली. भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. अख्खी आळी ओसरीवर बसली. मी फिरू लागले आणि पडद्यावर दिसले पाय. नुसते पाय. सुरुवातीला लोक हसले.

“अहो मामा, नवरदेवाचं तोंड दाखवा की! का त्याच्या चपलेशी लगीन लावलं?”

“गोटीराम, मनमाडला गाड्या तरी नीट वळवतोस ना रे?”

अंतरपाट धरल्याचं क्षणभर दिसलं आणि पुढच्याच क्षणी पंगतीतले पाय आले, तेव्हा चतुराबाई रडायला लागल्या. एकुलत्या लेकीचं लग्न, तेही हाती राहिलं नाही. लोकांचं हसणं आता बोचरं झालं. मामा मान खाली घालून बसले होते. दाराशी बसलेले फकिरा ताडकन उठले आणि त्यांनी टीव्हीची वायरच उपटली.

“बास! मानसाचा किती तमाशा करायचा?”

मी शेवटून दहा मिनिटांवर थांबले होते, मित्रांनो. आपल्या मेव्हण्याची लाज राखायला त्या माणसाने, स्वतःला न कळता, स्वतःचंच तोंड बंद केलं. आणि सुवर्णाला वाटलं, जाताना समोर आले नाहीत, आता माझं लग्न पडद्यावर बघणंही यांना नको.

त्या दिवसापासून तिने त्यांना ‘आप्पा’ म्हणणं सोडलं. भांडली नाही, येणं-जाणं तोडलं नाही. नागपंचमीला यायची, दिवाळीला यायची. पण आईला म्हणायची, “त्यांना जेवायला बोलाव.” “त्यांची चप्पल उन्हात पडलीय.” चौदा वर्षं ते नुसते ‘ते’ झाले. फकिराही काही बोलले नाहीत. ती सिन्नरला, सासरी, परत निघाली की ते तेवढ्यापुरते मळ्यात जायचे.

मामांनी पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पण एक दिवस ते आले, मला हातात घेतलं आणि माझ्या पाठीवरची लहानशी प्लॅस्टिकची पट्टी नखाने मोडली. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. “कशी का असंना, पोरीचं लगीन हाय,” असं म्हणून त्यांनी मला पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. तिथे डांबरगोळ्यांच्या वासात माझे दिवस गेले. दर पावसाळ्यात माझ्या फितीवर पांढरी बुरशी थोडी आणखी पसरायची. आतून विसरलं जाणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं.

२००८ साली मामांचा मुलगा समर्थ मला शोधत आला. तो नाशिकला इंजिनिअरिंग शिकत होता. एका दुकानात त्याने माझ्या फितीवरची बुरशी पुसून घेतली आणि माझी सीडी करवली. मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून मला इंटरनेटवर चढवलं. ‘आमच्या वडिलांचं ऐतिहासिक शूटिंग: नुसते पाय’ असं नाव दिलं. गंमत म्हणून. त्यानेही पहिले दोन तुकडेच पाहिले होते.

लोक हसायलाच आले. पण बघता बघता ते मला एकमेकांना दाखवू लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून खाली शेरे येऊ लागले. कुणी लिहिलं, ‘माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे फोटोसारखे बसलेत, इथं माणसं आहेत.’ दुबईतल्या एकाने लिहिलं, ‘ही पावलं माझ्या मावशीसारखी आहेत.’ जात्यावरच्या ओवीखाली बायकांनी आपापल्या ओव्या जोडल्या. तेव्हा मला उमगलं. ज्याची मला लाज वाटत होती, त्यासाठीच लोक येत होते. माझ्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, की मी जागी आहे.

आणि अनोळखी माणसांनी ते केलं, जे घरच्या कुणी केलं नव्हतं. त्यांनी मला शेवटपर्यंत पाहिलं. शेवटच्या तुकड्याखाली सटाण्याकडच्या एकाने अहिराणीत लिहिलं होतं, ‘मना बाप बी असाच व्हता.’ त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘फुलांपाशी बसलेले ते वडील अजून आहेत का? त्यांच्या मुलीला हे माहीत आहे का?’

समर्थने तो तुकडा लावला. पाहून झाल्यावर त्याने सिन्नरला फोन केला. “ताई, मी काही सांगत नाही. तू ये आणि स्वतः बघ.”

सुवर्णाने तो तुकडा समर्थच्या खोलीवर पाहिला आणि समर्थला सोबत घेऊन, मला पिशवीत घालून मखमलाबाद गाठलं.

फकिरा होते, मित्रांनो. पण शिमग्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. खाटेवर पडून ते डाव्या हाताने माशा वारायचे. तिने मला टीव्हीवर ठेवलं, समर्थने सीडी लावली. पडवी दिसली. ओलं गोणपाट दिसलं. मग चौदा वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचा आवाज खोलीत भरला: ‘मी तिला जीपमधून उतरवून घेईन, गोटीराम.’

फकिरांचा डावा हात जोरजोरात हलू लागला. बंद करा, बंद करा.

“मी शब्द मोडला नाय हां, दाजी,” समर्थच्या निरोपावरून येऊन दारात उभे राहिलेले मामा कसेबसे म्हणाले. “यंत्र बोललं.”

सुवर्णाने तो हलणारा हात धरला. “आज नाही बंद करायचं, आप्पा.”

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. चौदा वर्षांनी तो शब्द त्या घरात आला होता. फकिरांचा हात थांबला. पडद्यावर ओवी अर्धी राहिली, बॅटरी संपली, अंधार झाला.

“उतरवून घ्यायचं होतं की हो, आप्पा,” ती म्हणाली. “मी बसले असते का उतरून? घटकाभर रडले असते आणि गेले असते.”

 फकिरांच्या तोंडाची एकच बाजू हलली, आणि डोळे दोन्ही वाहिले. तिने पदराने ते पुसले. “काही नाही,” ती आईला म्हणाली, “पाटाची कड फुटलीय.”

मित्रांनो, आता मी त्यांच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात असते, कोरड्या फडक्यात गुंडाळून. सुवर्णा दर रविवारी येते. आप्पा आता हातानेच बोलतात आणि तिला ते कळतं. पण मधली चौदा वर्षं माझ्या फितीवर कुठेच नाहीत. ती कुणालाच उलटी फिरवता येत नाहीत.

तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत, माझी एखादी बहीण बुरशी खात पडली असेल. तिला ओलीपासून जपा. तिच्यात चित्र हललेलं असेल, डोकी कापलेली असतील, हसू येईल. हसा. पण हसून झाल्यावर वायर उपटू नका. शेवटची दहा मिनिटं राहू द्या. तिथे कुणीतरी फुलांवर पाणी शिंपडत बसलेलं असेल.