देवघरात पालथा बसलेला राजा

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. जुने म्हणजे किती, असे विचाराल तर साधारण दोन हजार वर्षांचे. माझ्या एका बाजूला रोमचा राजा आहे आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई. तुमच्या बोटाच्या पेरावर मावेन एवढाच माझा जीव, पण हेका मोठा. काही झाले तरी आपला चेहरा पुसू द्यायचा नाही, हा तो हेका.

टाकसाळीत तापलेली चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवली आणि वरून हातोडा बसला, तसा मी जन्मलो. तो घाव मी अजून विसरलो नाही. मग पिशवीत बांधून मला जहाजात टाकले. रोमच्या लोकांना इकडचे सुती कापड आणि मिरी म्हटले की वेड लागायचे, आणि त्यासाठी आमची खुशाल पाठवणी व्हायची. किनाऱ्यावर उतरलो, बैलांच्या पाठीवरून घाट चढलो आणि गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचलो. इथे माझी अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती, पण चांदी सगळ्यांना कळत होती. पुढे कोणाच्या तरी कमरेच्या पिशवीची गाठ सुटली आणि मी काळ्या मातीत गेलो. तिथे शेकडो वर्षे पडून राहिलो.

पेडगावात विहीर खणताना एका शेतकऱ्याच्या कुदळीने मला वर काढले. त्याला माझ्यावरची बसलेली बाई दिसली. तिच्या एका हातात उभा दंड, दुसऱ्या हातात डहाळी. त्याने तिथेच हात जोडले. देवीच घरी चालत आली, अशी त्याची खात्री पटली. त्याने सोनाराकडून मला लाखेने तांब्याच्या पत्र्यावर बसवून घेतले, म्हणजे मी टाक झालो. टाक म्हणजे देवघरात पुजायची देवाची चांदीची प्रतिमा. बाई वर राहिली आणि राजेसाहेब लाखेत तोंड खुपसून पालथे बसले! मला काय राग आला म्हणून सांगू.

पुढे पिढ्या बदलल्या. त्या घरात तानुबाई सून म्हणून आली. तिने माझे फार केले. दर सणाला ती मला चिंच आणि राख लावून घासायची, लख्ख होईपर्यंत. तिचा जीव होता हो माझ्यावर. पण त्या मायेने बाईचे नाक गेले, मग डहाळी गेली, मग दंड गेला. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, पण नाण्याचे कोण ऐकतो?

यंदा तानुबाईच्या मुलीचे, भक्तीचे लग्न ठरले. लग्नाआधी देव सोनाराकडे नेऊन उजळायची तिच्या घरची रीत. तानुबाई आणि तिचा नवरा व्यंकटराव सगळे टाक घेऊन परभणीला बन्सीधर सोनाराकडे आले.

"ही देवी पार सपाट झालीय," व्यंकटराव म्हणाला. "आटवून नवी करा."

मी हादरलो. हातोडा सोसला, माती सोसली, चिंचही सोसली, पण मुशीत गेलो की सगळेच संपणार होते. बन्सीधरने पत्रा सोडवण्यासाठी लाख तापवली, मला बाजूला काढले, पुसले आणि तो बघतच राहिला. लाखेखाली राजा जसाच्या तसा होता. नाक, डोईवरची पानांची माळ, भोवतीची अक्षरे, सगळे शाबूत!

"व्यंकटराव, हे आपल्याकडचं न्हाई. कुण्या परमुलखातल्या राजाचं नाणं हाय."

"आसं? मोबाईलवर दावत्यात, असल्या नाण्याला लाखो रुपये येत्यात!" आत्ताच मला आटवायला निघालेला माणूस आता मला विकायला निघाला.

तानुबाईने मला उचलले आणि मुठीत धरले. "आटवायचं न्हाई अन् इकायचं बी न्हाई. इतकी वर्सं मी ज्याला हात जोडले, ते कोण हाय ते आधी मला कळू द्या."

"येडी का काय तू? लग्न तोंडावर आलंय."

"आलं तर येऊ द्या. मी इचारल्याबिगर घरी जात न्हाई."

बन्सीधरने सत्यशीलाबाईंचे घर दाखवले. त्या कॉलेजात इतिहास शिकवत. त्यांनी मला भिंगाखाली धरले, तोलून पाहिले. ओतीव नकलेच्या कडेला सांधा दिसतो, तो माझ्या कडेला नव्हता. मग त्यांनी एकेक अक्षर लावले आणि माझ्या राजाचे नाव मोठ्याने घेतले, "टायबेरियस!" मित्रांनो, इतक्या काळाने ते नाव ऐकून मला भरून आले. "रोमचा राजा. मागे बसलेली बाई म्हणजे त्याची आई, असं मानतात," त्या तानुबाईला म्हणाल्या.

"किंमत किती यील, म्याडम?" व्यंकटरावाने विचारले.

"एक बाजू पार घासली गेलीय. लाखबिख काही मिळणार नाहीत." त्याचा चेहरा उतरला. "पण हे कुठे निघालं, ते सांगता येईल का? जागा कळली तर हे आपल्या भागाच्या जुन्या व्यापाराचा पुरावा आहे. नाहीतर नुसती चांदी."

"लिंबाच्या मळ्यातली जुनी हिर," तानुबाई लगेच म्हणाली. "माझ्या सासूबाईनं सवता जागा दावलीय."

"मग हे सरकारला कळवावं लागेल, बाई. जमिनीतून निघालेली इतकी जुनी वस्तू घरात ठेवता येत नाही."

तानुबाईने माझ्याकडे पाहिले. "अन् माझी देवी? लेकीच्या लग्नात मी कुणापुढं उभं ऱ्हाऊ?"

तानुबाईने डोळे पुसले. मग दंडातले चांदीचे कडे उतरवून नवऱ्याच्या हातात दिले. "ह्याचा नवा टाक करून घ्या. देवी ह्या नाण्यासंगं थोडीच जायलीय? ती आपल्या घरातच हाय."

लग्नात नव्या टाकाची पूजा झाली. त्यानंतर तानुबाई स्वतः मला घेऊन कलेक्टर कचेरीत गेली, सत्यशीलाबाई सोबत होत्या. सगळे लिहून झाले. आता मी संग्रहालयात जाणार होतो, आणि शेजारच्या चिठ्ठीवर पेडगावचे नाव लागणार होते.

मित्रांनो, तुम्हाला असे काही जुने सापडले तर ते चिंचेने घासू नका, आटवू नका, आणि कुठे सापडले ते विसरू नका. आमचा चेहरा आणि आमचे गाव, एवढेच तर आमच्याजवळ असते. माझा चेहरा राहिला, तो तानुबाईने हट्ट धरला म्हणून.

निघताना तिने पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली आणि चिमूट माझ्याकडे नेली.

"नको बाई, डाग पडेल," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या.

तानुबाईचा हात थांबला. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. मग ते कुंकू तिने स्वतःच्या कपाळाला लावले, आणि मला न शिवता नमस्कार केला.